तळे मे महिन्यात पाहावे

ऑक्टोबरात महाराष्ट्रातले कुठलेही तळे देखणे दिसते. पाणी काठोकाठ, सांडव्यावरून शेवटची पातळ धार, भरावावर कमरेइतके गवत. कयाकमधून गळ टाकण्याचा नाद लागलेली मंडळी नेमकी याच दिवसांत नवी जागा शोधायला निघतात आणि पहिल्याच देखण्या पाण्यावर भाळतात. मग दोन-चार रविवार रिकाम्या हाताने परतावे लागले, की दोष आमिषाला जातो, दोऱ्याला जातो, फार तर नशिबाला. खरी चूक बहुतेक वेळा निवडीतच झालेली असते. भरलेले तळे स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तळ कसा आहे, खोली कुठे आहे, मासे किती वर्षांचे आहेत, पाण्यावर हक्क कोणाचा आहे, सगळे झाकलेले असते. म्हणून माझे म्हणणे असे, की मासेमारी खुशाल हिवाळ्यात करावी, पण तळे मे महिन्यात पाहावे, आणि तेही पायी फिरून. ज्यांनी कयाक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर मासेमारीची कयाक म्हणजे दहा-बारा फूट लांबीची, पंचवीस-तीस किलो वजनाची, वर उघड्यावर बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची प्लॅस्टिकची होडी. तिला तरंगायला वीतभर पाणी पुरते. काठावरून गळ टाकणाऱ्याचा हात पोचत नाही आणि इंजिनाची बोट शिरू शकत नाही, अशा उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यात ती सहज जाते. हीच तिची ताकद. वारा आणि लांब पल्ला ही तिची कमजोरी. पाणी शोधताना या दोन्ही गोष्टी डोक्यात असल्या पाहिजेत.

पाण्याला तोटा नाही. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना केली, तिचा अहवाल २०२३मध्ये आला. देशभरात २४,२४,५४० जलसाठे मोजले गेले, त्यांतले ९७,०६२ महाराष्ट्रात. मोठ्या धरणांच्या संख्येतही महाराष्ट्र देशात पहिला आहे. पण हा आकडा पाहून हुरळून जायचे कारण नाही, कारण महाराष्ट्रातल्या नोंदींचा मोठा भाग जलसंधारणाच्या कामांचा आहे. पाझर तलाव घ्या. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीतून ते गावोगाव झाले. त्यांचे कामच मुळी पाणी जमिनीत जिरवण्याचे, खालच्या विहिरींना पाझर देण्याचे. चांगला पाझर तलाव फेब्रुवारी-मार्चपर्यंत रिकामा होतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढतात, म्हणजे तिथला साठाही हंगामी. शेततळ्यांबद्दल तर मी सरळ नकोच म्हणेन. ती खासगी असतात हा एक भाग झाला. त्यांच्या उभ्या उतारावर पसरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, की शेवाळामुळे इतका निसरडा होतो, की पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. दरवर्षी अशा शेततळ्यांत माणसे बुडतात. उरतात ती जुनी गावतळी, लघु आणि मध्यम प्रकल्पांचे तलाव, पूर्व विदर्भातले मामा तलाव आणि मोठी धरणे. शोध यांच्यातच घ्यायचा.

तळे उन्हाळ्यात आटते का, हा प्रश्न कोरडा वाटतो, पण माशाच्या वयाचा प्रश्न त्यातच दडलेला आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या तळ्यांतले मुख्य मासे. ते साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. म्हणून तळ्यात दरवर्षी पावसाळ्यात बोटुकली सोडतात, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्ले. चांगल्या पाण्यात कटला पहिल्या वर्षात किलोच्या आसपास पोचतो. आता जे तळे मेमध्ये कोरडे पडते, त्यात पुढच्या हिवाळ्यात फक्त त्याच पावसाळ्यातली बोटुकली असणार. पाच-सहा किलोचा कटला हवा असेल तर त्या पाण्याने लागोपाठ तीन-चार उन्हाळे तग धरलेला असला पाहिजे. हे घरी बसूनही तपासता येते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह जवळपास दर पाच दिवसांनी पृथ्वीच्या त्याच तुकड्याचे छायाचित्र घेतात, त्यात दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि ती छायाचित्रे कोणालाही फुकट पाहता येतात. पहिला उपग्रह जून २०१५मध्ये सुटला, त्यामुळे मे २०१६ची चित्रे उपलब्ध आहेत. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले तो हा उन्हाळा. मे २०१६ आणि दुष्काळाच्याच मे २०१९मध्ये ज्या तळ्यात निळा ठिपका टिकून होता, ते तळे सहसा दगा देत नाही. एका तालुक्यातली तीस-चाळीस तळी अशी एका संध्याकाळी चाळून चार-पाचांवर आणता येतात.

दुसरे साधन त्याहून जुने आहे आणि ते रोज दारात येऊन पडते. वर्तमानपत्रातला धरणसाठ्याचा तक्ता. तो वाचताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. तिथे छापलेली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, एकूण पाण्याची नव्हे. विमोचकाच्या, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या दाराच्या, खाली जे पाणी उरते, जे कालव्यात सोडता येत नाही, त्याला मृतसाठा म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते मृत. माशाच्या दृष्टीने उन्हाळ्यात जिवंत राहण्याची तीच जागा. उजनीचेच पाहा. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक, ६३ टीएमसीच्या पुढचा, भाग मृतसाठ्याचा. तिथे उपसा मृतसाठ्यातूनही होतो, म्हणून तक्त्यात उजनी उण्यात जाते. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, आणि तरीही तिच्यात कित्येक लघु प्रकल्पांच्या मिळून होणार नाही इतके पाणी होते. शून्य टक्के वाचून धरण रिकामे समजणारा माणूस अशा ठिकाणी फसतो. उलटही घडते. एखाद्या लघु प्रकल्पाचा मृतसाठा इतका थोडा असतो आणि वर्षानुवर्षांच्या गाळाने तो इतका भरून आलेला असतो, की तक्त्यात दहा टक्के दिसत असतानाच प्रत्यक्षात गुडघाभर चिखलच उरतो. तक्ता हा संशय घेण्यापुरता चांगला. निकाल तळ्यावरच लागतो.

इथे कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला, सरळ उजनी किंवा जायकवाडी गाठावी. पाणी आटायची भीती नाही आणि मोठ्या पाण्यात मोठा मासा. हा आक्षेप वजनदार आहे, कारण मोठ्या धरणात मोठे मासे असतात हे खरेच आहे. पण ते कुठे असतात? व्ही. व्ही. सुगुणन यांनी भारतातल्या जलाशयांच्या मासेमारीचा सविस्तर अभ्यास केला. तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक हजार हेक्टरांच्या आतल्या लहान जलाशयांतून वर्षाला हेक्टरी सरासरी ५० किलोच्या आसपास मासळी निघते, मध्यम जलाशयांतून सुमारे १२ किलो आणि पाच हजार हेक्टरांपुढच्या मोठ्या जलाशयांतून ११ किलोच्या जवळपास, असे दिसले. चौपट फरक आहे. यावरही आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायला हवा. हे आकडे पाण्यात किती मासा आहे हे सांगत नाहीत, जाळ्यांत किती आला ते सांगतात. लहान तळ्यात बोटुकली नेमाने सोडली जाते, तळे आटले की मासा पकडणेही सोपे जाते, म्हणून आकडा फुगतो. मान्य. पण कयाकवाल्याचा प्रश्नही तोच आहे की. त्याला मासा असून उपयोग नाही, सापडायला हवा. ज्या कारणाने जाळेवाल्याला लहान तळे सोपे जाते, त्याच कारणाने ते गळवाल्यालाही सोपे जाते. माशाची बरीचशी ये-जा काठ, उथळ उतार आणि बुडालेला झाडोरा यांच्या आसपास चालते. लहान तळ्यात अशा काठाचे प्रमाण पाण्याच्या मानाने जास्त असते. मोठ्या धरणाच्या मध्यावर मैलभर पाणी असते, पण त्यातले बरेचसे गळाच्या दृष्टीने ओसाड असते. शिवाय वारा न पोचणाऱ्या खोल धरणांत उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खालचा गार आणि जड राहतो, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. म्हणजे खोली शंभर फूट असली तरी मासा वरच्या वीस-पंचवीस फुटांतच असू शकतो.

मोठ्या पाण्याविरुद्धचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लाट वाऱ्याच्या वेगाबरोबर वाढते आणि वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल तितकीही वाढते. जायकवाडीचा नाथसागर पन्नास किलोमीटरांहून लांब पसरलेला आहे. तिथे एका टोकाला उठलेली लहर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कयाक उलथवण्याइतकी होते. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी तसे राहीलच असे नाही, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा तर दहा मिनिटांची सवड देत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. रोजच्या पाण्यावरची रोजची वाट होती ती. तेव्हा मे महिन्यात तळे पाहायला जावे हे मी सांगतो आहे, ते काठाने चालत पाहण्यापुरते. दुपारनंतर पाण्यात उतरण्यासाठी नव्हे. आणि मोठ्या धरणाचा मोह सुटतच नसेल, तर त्याच्या एखाद्या अरुंद, डोंगराआडच्या फाट्यात शिरावे आणि त्यालाच आपले लहान तळे समजावे. पवना, मुळशी, भंडारदरा या सह्याद्रीतल्या धरणांना असे फाटे पुष्कळ आहेत.

आता प्रत्यक्ष तळ्यावर काय पाहायचे ते सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी मागे सरलेले असते आणि बुडीत क्षेत्राचा मोठा पट्टा उघडा पडलेला असतो. पहिल्यांदा नजरेत भरतो तो भेगाळलेला गाळ. पण त्यात नीट पाहिले तर बशीसारखे गोल, उथळ खड्डे एकाला एक लागून दिसतात, ताटापासून परातीएवढे. ती तिलापियाची, म्हणजे उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात त्या माशाची घरटी. नर तोंडाने आणि शेपटीने तळ उकरून ती करतो. असा पट्टा दिसला की समजावे, पाणी भरल्यावर हा भाग दोन-चार फूट खोल असताना इथे चिलापी हमखास असणार, आणि तिच्या मागावर मरळही. पुढे कुठे जुन्या ओढ्याचे पात्र सापडते. तळे भरल्यावर हे पात्र डोळ्याला दिसत नाही, पण मासा उन्हातान्हात त्याच खोलगट वाटेने ये-जा करतो. बुडालेल्या गावाची दगडी जोती, बांध, विहिरीचे कठडे, तोडलेल्या बाभळींचे खुंट, यांतली प्रत्येक गोष्ट माशाला आडोसा आहे आणि कयाकला धोका. उघड्या विहिरीचे तोंड भरलेल्या पाण्यात निरुपद्रवी असते, पण पाणी उतरत असताना गाळात पाय टाकत होडी ओढणाऱ्याला ते दिसत नाही. उजनीत पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, पवनेत वाघेश्वराचे. लोक ते पाहायला गर्दी करतात आणि फोटो काढून परततात. गळवाल्याने देवदर्शन झाल्यावर भोवतालची जमीनही पाहून घ्यावी. फोनवर प्रत्येक खुणेची जागा नोंदवून ठेवली, की ऑक्टोबरात हाच नकाशा पाण्यावरून वापरता येतो. आणखी एक गोष्ट मेमध्येच कळते, ती म्हणजे होडी उतरवायची जागा. सपाट गाळाच्या काठावर पाणी अर्धा किलोमीटर मागे जाते आणि मधल्या रेंद्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तीस किलोची होडी आणि सामान घेऊन तिथून परतणे ही शिक्षा आहे. उलट बुडीत गावाचा जुना खडीचा रस्ता सरळ पाण्यात उतरताना दिसला, तर याहून चांगला धक्का कोणी बांधून दिला नसता. पाणी कितीही चढो-उतरो, पायाखाली खडी राहते.

फिश फाइंडर विकत मिळत असताना हे पायपिटीचे काम कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. ध्वनिलहरींवर चालणारे हे यंत्र खोली आणि माशांच्या सावल्या दाखवते, उपयोगी आहे, परवडत असेल त्याने घ्यावे. पण ते होडीच्या खालचे दाखवते, समोरचे सहसा नाही. म्हणजे शंभर हेक्टरांचे तळे समजून घ्यायला ते सगळे वल्हवून पालथे घालावे लागते. जिथे कयाकचा खरा फायदा आहे त्या तीन-चार फुटांच्या झाडोऱ्याच्या पाण्यात त्याच्या पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. आणि गाळाखाली मुरूम आहे की अजून गाळ, हे पायाला जसे कळते तसे त्याला सहजी कळत नाही. मेमधली एक सकाळ जे देते ते मिळवायला यंत्राला पूर्ण हंगाम लागेल.

पाण्याचा रंग आणि वनस्पती यांविषयी मात्र उन्हाळ्यावर सगळे सोडून भागणार नाही. तिथे हिवाळ्यात पुन्हा फेरी मारावी. काळ्या मातीच्या पाणलोटातले तळे पावसाळ्यानंतर बरेच दिवस गढूळ राहते. घरातली पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. इटलीतल्या सेक्की नावाच्या धर्मगुरूने १८६५मध्ये हीच युक्ती समुद्राचे पाणी तपासायला वापरली आणि जलशास्त्रज्ञ ती आजही वापरतात. ताटली वीतभर खोलीतच नाहीशी झाली, तर कृत्रिम आमिष माशाला दिसणार नाही. कणकेचा नाहीतर पेंडीचा वासाचा गोळाच चालेल. हातभर दिसत राहिली तर पाणी उत्तम. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे असेल, तर पहाटे तिथे जाऊन पाहावे. शेवाळ आणि वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्रभर तो वापरतात, त्यामुळे उजाडता उजाडता तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर नवशिक्याला वाटते की मासा खातो आहे. तो गुदमरतो आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात अशा तळ्यात एका रात्रीत मासे मरू शकतात. जलपर्णीने झाकलेल्या तळ्याचे तर नावच नको.

याला अपवाद मरळीचा. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ज्या झाडोऱ्याच्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात कटला टिकत नाही तिथे ती सुखाने राहते. यासाठी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतले मामा तलाव पाहावेत. माजी मालगुजारी तलाव हे त्यांचे कागदावरचे नाव. गोंड राजवटीत कोहळी समाजाने यांतले कित्येक तलाव बांधले, मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले, आणि आज त्यांतले बरेच गाळाने उथळ झाले आहेत. सिंचनाच्या दृष्टीने हे नुकसान, पण कयाक आणि मरळ या जोडीला इतके सोयीचे पाणी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचित मिळेल. काठाला देवधान, मध्ये कमळे, अधूनमधून मोकळ्या पाण्याच्या गल्ल्या. बेशरमाने वेढलेला काठ मात्र टाळावा. त्यातून होडी घुसत नाही आणि अडकलेला गळ निघत नाही. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा एकत्र वळवळताना दिसला, तर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात आणि समोर येईल त्यावर धावून जातात. त्या वेळी त्यांना गळाला लावणे अगदी सोपे असते. म्हणूनच ते करू नये: राखणदार गेला की इतर मासे तो थवा तासाभरात फस्त करतात.

काही पाणी यादीतून आधीच खोडावे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांत वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे मासेमारी चालत नाही. मुंबईचे तुळशी आणि विहार, पेंचमधले तोतलाडोह, नवेगावचा सुंदर तलाव ही नावे त्यात येतात. धरणाच्या भिंतीजवळ आणि पाणी उपसण्याच्या मनोऱ्याजवळ जाऊच नये, ती सुरक्षेची जागा आहे आणि ओढही असते. मुंबईच्या पवई तलावात मगरी आहेत. सांगलीजवळची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी यांतही आहेत. पवईला अनेक वर्षांपासून गळाने मासे पकडणाऱ्यांची संघटना आहे आणि मगरींसोबत तिचे चालले आहे, हे खरे. पण पाण्याच्या पातळीला पाय ठेवून बसायच्या होडीतून तो प्रयोग करण्यात शहाणपण नाही.

राहता राहिला हक्काचा प्रश्न, आणि यावरच सर्वांत जास्त वाद होतो. तळे सरकारी, पाणी सार्वजनिक, मी एक गळ टाकला तर कोणाचे काय गेले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाणी सार्वजनिक आहे. त्यातला मासा तसा नाही. लहान सिंचन तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, मोठे जलसंपदा विभागाकडे, आणि मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे. पूर्व विदर्भात या संस्था मुख्यतः ढीवर समाजाच्या आहेत. बोटुकली या संस्था विकत आणून सोडतात, चोरी होऊ नये म्हणून राखण करतात आणि ठेक्याची रक्कम भरतात. साचलेल्या पाण्यात कटला आपोआप होत नाही हे एकदा मान्य केले, की गळाला लागलेला प्रत्येक कटला कोणीतरी पैसे मोजून सोडलेला आहे हेही मान्य करावे लागते. कोणी म्हणेल, पकडून परत सोडतो, मग तर काही हरकत नाही ना? गळ खोल गिळलेला, तापलेल्या होडीत दोन मिनिटे फोटोसाठी धरलेला मासा सोडल्यावर जगेलच असे नाही. आणि जगला तरी परवानगी विचारण्याची गरज संपत नाही.

मे महिना इथेही उपयोगी पडतो. पाणी कमी असते, मासा एकवटलेला असतो, म्हणून संस्थेची माणसे याच दिवसांत तळ्यावर हमखास भेटतात. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात शिवून, वर बांबूची चौकट बांधून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून बसलेला माणूस हाताच्या फळीने वल्हवत जाळे ओढत असतो. त्या तळ्याबद्दल त्याला जे माहीत आहे ते कुठल्याही उपग्रहाला माहीत नाही. मासा वजन करायला काठावर आला की आकार डोळ्यांनी दिसतो. मृगळ आणि रोहूच जास्त की कटला, दोन-तीन वर्षांचा मासा आहे की सगळा यंदाचाच, याचा अंदाज तिथेच येतो. विकत घ्यावा, भाव करू नये, आणि मग विचारावे. बहुतेक संस्था पैशांच्या बोलीवर तयार होतात: दिवसाचे काही पैसे, किंवा घरी नेलेल्या माशाचे किलोमागे. बोली अध्यक्ष किंवा सचिवाशी करावी आणि पावती मागावी, कारण राखणदार बदलला की तोंडी बोली विसरली जाते. जाळी कोणत्या बाजूला आणि कधी लावतात हे त्याच वेळी विचारून घ्यावे. पृष्ठभागाखाली हातभर ताणलेले नायलॉनचे जाळे वल्ह्याला लागले तर जाळे फाटते, त्यांचे नुकसान होते, आणि वल्हे अडकलेला माणूसही सहज पाण्यात पडतो. काही संस्था नाही म्हणतात. आधी कोणीतरी न विचारता रात्री मासे नेलेले असतात, किंवा एखाद्या शहरी पाहुण्याने जाळे कापलेले असते. तिथे हुज्जत न घालता यादीतल्या पुढच्या तळ्याकडे वळावे, आणि हवे तर दिवाळीनंतर पुन्हा एकदा जाऊन विचारावे. तोवर त्यांची नवी बोटुकली सोडून झालेली असते आणि त्यांना जरा उसंत मिळालेली असते.